गावातील बाया, आठ

ता. ५ जाने., सोमवार
सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्यांची विचारपूस. ही कशी आहे? बरी. उजवा गुडघा काल तेल लावल्यापासून गप्प आहे. मुलगा प्रकाश वास्कोहून फोनवर : पाठ धरली आहे, बंदरावर उभ्याची ड्युटी. सूनबाईचा खोकला गेला. नातीचा ताप उतरला, शाळेत गेली. शेजारचे दामू भट चालायला लागले, काठी घेऊन तळ्यापर्यंत जाऊन आले म्हणे. गाय बरी. माझं बी.पी. बरं. रेडिओची तब्येत तेवढी नरम. मीडियम वेव्हवर नुसती खरखर. जनेलात ठेवला, खिडकीच्या गजांशी, त्याची मान वळवून वळवून पणजी केंद्र लावलं.

आणि तिथंच माझं बी.पी. बिघडलं.

साडेसातला. वर्धापनदिनानिमित्त जुन्या ध्वनिफिती लावतायत. निवेदिका मधाळ आवाजात : ‘ऐका, पेडणे महालातील पारंपरिक धालो, पौषात स्त्रिया समोरासमोर ओळी करून गातात ती गीतं. गायिका अज्ञात.’

आधी लक्ष नव्हतं, पावाची पोयी चहात बुडवत होतो. तिसऱ्या गाण्याला मध्येच कोंबडी कोकलली आणि एक बाई गाता गाता ‘हुश्श!’ करून पुन्हा सुरात आली. पोयी चहात पडली ती पडलीच. अरे, ही माझी फीत! इब्रामपूरचा मांड, धालोचं ते अंगण, पौषातली दुपार, मशीन मी नेलेलं. तो ‘हुश्श’ सुंदरवहिनीचा!

अज्ञात? कोणाला अज्ञात? तुम्हाला अज्ञात म्हणजे जगाला अज्ञात?

ही म्हणाली, ‘हळू बोल, गाय बुजता.’

ता. ६
रात्री झोप नाही. राग पोटात घेऊन निजलं की असंच.

पोर होतो तेव्हा गावच्या जमीनदाराच्या, भाटकाराच्या जनेलाखाली उभा राहून रेडिओ ऐकायचो. पोर्तुगीज बोलायचा, एक अक्षर कळत नसे. तरी उभा. मग गोव्याची मुक्ती झाली आणि एक दिवस तोच डबा आमच्या भाषेत बोलला. भाताची कीड, शेणखत, पावसाचा अंदाज. मी चौथी नापास. बातम्या ऐकायच्या आणि पाटीवर उतरवायच्या, असं लिहायला शिकलो. माझं अक्षर त्या रेडिओचं आहे. पुढं त्याच केंद्रावर हंगामी म्हणून लागलो, महिन्याचे सहा दिवस. खांद्यावर मशीन, हातात माइक, गावोगाव. पंचायतीत लोक बसून ऐकायचे, पत्रं लिहायचे, आम्ही पत्रं वाचून दाखवायचो. मग टी.व्ही. आला, लोक उठून गेले. मग एफ.एम. आलं, केंद्राला लाज वाटायला लागली, तेही जाहिराती लावू लागलं. आमची शेतीची वेळ अर्धी झाली, मग पाव, मग दिल्लीचं सहक्षेपण. आता वर्षातून एकदा वर्धापनदिन आला की आमची आठवण. तीही अज्ञात म्हणून.

लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

ता. ७
केंद्रावर फोन. चार वेळा वाजून बंद. पाचव्यांदा एक मुलगी.
‘काका, आमच्या सिस्टिममध्ये तसंच आहे.’
‘सिस्टिमला सांग, चूक आहे.’
‘पुरावा आहे का काही?’
‘मी आहे.’
‘म्हणजे कागद, काका.’

म्हटलं, कागद तुमच्याकडे असेल. प्रत्येक फितीच्या खोक्यात एक नोंदपत्रक असायचं, ते मीच भरायचो. ते काढ. म्हणाली, मॅडमना विचारते. फोन ठेवला. ठेवला म्हणजे आदळला. ही म्हणाली, प्रकाशनं घेऊन दिलाय, फोडू नको.

ता. ९, शुक्र.
इब्रामपूर. डिचोलीहून दुसरी बस, ती अर्धा तास उशिरा. उतरलो तो दुपारचे बारा.

फितीत गाणाऱ्या आठजणींतली सुंदरवहिनी एकटी राहिली आहे. शहाऐंशी. कपाळावर अजून ठसठशीत कुंकू. दारापुढच्या बाल्कांवात बसून वाळत घातलेली आमसुलं उलटत होती.
‘काय रे नानू, आसंस मरे अजून?’
‘आसंय.’
‘मगे तोंड असा कित्याक? कोण मेला?’

सांगितलं. तिनं रेडिओ ऐकला नव्हता. उजवा कान गेला, डावा आहे तोवर आहे, डॉक्टर म्हणतो तोही उतरणीला लागलाय.
‘अज्ञात म्हंजे काय रे?’
‘कोणाक ठावक नाय ती.’
‘म्हंजे मी?’ आणि हसत सुटली. दात नाहीत, हसताना सगळं तोंड आत जातं. ‘आणि ती कोंबडी? तिचा तरी नाव घेतला? द्वारकेची होती ती. मेली गाण्याच्या मधी घुसली.’

मग हसणं थांबलं. आमसूल हातात तसंच. म्हणाली, ‘आठजणी होतो. सात गेल्यो. तेंच्या पोरांनी आयकला आसतला तर तेंका काय वाटला आसतला?’

आणि दोन्ही ओळींत उभ्या होत्या त्या क्रमानं नावं सांगितली. समोरच्या ओळीत ती, द्वारका, शेवंती, लाडू. पलीकडे आनंदी, मथुरा, चंद्रावती, मनू. बोट दाखवून दाखवून, जणू अंगणात उभ्याच आहेत. मी लिहून घेतली.

‘रेडयेर सांगाक सांग. माझ्या एकलीचा नको. आठांचा. डावो कान आसा तोवर.’

म्हटलं, वहिनी, त्या वेळी तुम्हीच लाजलात ना, नावं नको म्हणालात. घोव काय म्हणतील, गाव काय म्हणेल…
तिनं आमसूल खाली ठेवलं.
‘कोण म्हणाली तसा? तू विचारलंसच नाय. गाणी संपली, तू मशीन बंद केलंस, चाय पिलंस आणि बस गाठलंस.’

वय झालं तिचं. चाळीस वर्षांपूर्वीचं कुठं आठवणार. वाद घातला नाही. वाटीत सोलकढी दिली, प्यालो, निघालो.

पण बसमध्ये

ता. १०
काल अर्धंच राहिलं. बसमध्ये काय, ते आता लिहायला नको.

केंद्राला पत्र लिहिलं. आठ नावं, क्रमानं. भाषा जरा तिखट झाली. ‘आपल्या संस्थेला लाज असल्यास’ असं लिहिलं होतं. हिनं वाचून ते खोडायला लावलं. म्हणाली, लाज असली तरी कागदावर विचारू नये. मग ‘कृपया’ लिहिलं. ‘कृपया’ लिहिताना जेवढा राग येतो तेवढा शिवी देताना येत नाही.

सोमवारी स्वतः जाणार.

ता. १२, सोम.
पणजी. केंद्राच्या फाटकावर रखवालदार. ‘कोणाला भेटायचंय? अपॉइंटमेंट?’ म्हटलं, बाबा, या फाटकाला पहिला रंग देत होते तेव्हापासून मी आत जातोय. त्यानं वहीत सही घेतली.

आत पाच टेबलं, माणूस एक. कार्यक्रम अधिकारी मॅडम. चाळिशीच्या असतील. मी मनात सगळं जुळवून गेलेलो, एकदम सुरू केलं : तुम्हाला लोकांच्या आवाजाची किंमत नाही, तुम्हाला गाणं हवं, गाणारी नको. त्यांनी शांत ऐकलं. मग म्हणाल्या, ‘काका, या खोलीत पाच जण होते. निवृत्त झाले तसे गेले, नवीन कोणी दिलं नाही. त्या फिती फेकायच्या यादीत होत्या. मी सुट्टीच्या दिवशी येऊन काँप्युटरवर घेतल्या. खोक्यात जे लिहिलेलं होतं तेच मी टाइप केलं, नाव नसेल तिथं सिस्टिम ‘अज्ञात’ घालते.’

मग तर जास्तच राग आला. रागवायला आलो आणि समोर बाई कामाची निघाली, तो राग न्यायचा कुठं?

म्हटलं, नोंदपत्रक दाखवा. त्या उठल्या, कपाटातून एक पिवळं पाकीट काढलं. कागद टेबलावर ठेवला.

माझं अक्षर. गोल, ठाम, शिरोरेघ सरळ.

स्थळ : इब्रामपूर, पेडणे.
प्रकार : धालो.
कलाकार : गावातील बाया, आठ.
ध्वनिमुद्रण : श्री. नारायण विष्णू

आणि खाली माझं आडनाव, शेपटी काढून, दोन रेघा मारून.

मॅडमनी विचारलं, चहा मागवू का, एवढंच. मी नको म्हटलं. पत्र टेबलावर ठेवून उठलो. फाटकावर रखवालदार म्हणाला, झालं का काम? म्हटलं, झालं.

ता. १३
बसमध्ये ते तेव्हाच कळलं होतं मला. शुक्रवारीच. वहिनी खरं बोलतेय हे पोटाला कळलं होतं, डोक्याला कळू दिलं नाही.

विचारलंच नाही मी. लाजल्या-बिजल्या काही नाहीत. ते मी नंतर केव्हातरी स्वतःलाच सांगितलं आणि सांगून सांगून खरं झालं. त्या बायकांनी मांड सारवून ठेवला होता, दिवा लावला होता, मशीनसमोर उभं राहायचं म्हणून नव्या चोळ्या घातल्या होत्या. आणि मी मोजल्या. आठ. गुरं मोजावीत तशा.

हिला सांगितलं. तिनं तांदूळ निवडणं थांबवलं नाही.
‘मगे आता कोणाक गाळी घालतलास?’
तिच्या सुपातला एक खडा मी वेचला.
‘माका तरी कितीदा लिवलंस? केंद्राच्या कार्यक्रमाक गेलंव, थंय वहीत “मंडळी” लिवलंस माका. नाव नाय.’

हे तिनं किती वर्षं साठवलं असेल?

ता. १५, गुरु.
मॅडमचा फोन. भली बाई. ‘काका, रविवारी साडेसातला पुन्हा लावते. नावं सांगते. पण फाईलला लागेल, गायिकांपैकी कोणाचं तरी सहीचं पत्र, नाहीतर अंगठा. माझ्या मनानं मी नावं घालू शकत नाही.’

वा! माझ्या मनानं मी आठजणी पुसल्या तेव्हा कोणाच्या सहीची गरज पडली नाही. लिहायला पुरावा लागतो, पुसायला लागत नाही. हे कोणावर ओरडायचं? नियमाला कान नाही.

ता. १६
पुन्हा इब्रामपूर. पत्र मी लिहून नेलेलं. शाईची डबी पण नेली, अंगठ्यासाठी.

आधी कबूल केलं. उभ्यानंच. वहिनी, तू बोललीस ते खरं, मी विचारलं नाही. कागद बघितला, माझंच अक्षर.
म्हणाली, ‘ठावक आसा माका. बस.’
बसलो.
‘वाच.’
डाव्या कानाशी जाऊन मोठ्यानं वाचलं. शेवंतीच्या जागी सासरचं नाव घातलेलं, तिच्या मुलाला विचारून. वहिनीनं हात आडवा केला. ‘ता कोणाचा? मांडार तिका शेवंती म्हणान हाक मारतंव. शेवंती लिव.’ लिहिलं.

डबी उघडली तशी तिनं ती माझ्याकडे परत सरकवली.
‘अंगठो कित्याक? सही येता माका.’
‘कधी शिकलंस?’
‘तुझ्याच रेडयेर. धडे लागत ते. पंचायतीत बसान आमी आठय जणी शिकलंव. तू येवच्या आदल्या वर्सा.’

म्हणजे मी मशीन घेऊन गेलो तेव्हा त्या आठहीजणींना स्वतःचं नाव लिहिता येत होतं. कागद पुढं सरकवला असता तर त्यांनीच लिहिलं असतं. मी नुसता कागद सरकवायचा होता.

सही करायला तिला बराच वेळ लागला. ‘सुं’वरचं टिंब शेवटी दिलं, मागे सरून बघितलं.
‘आणि तुझा नाव खंय?’
म्हटलं, माझं काढलं.
‘शाणो आसंस. घाल. शेवटाक. ल्हान अक्षरान.’

पत्र प्रकाशच्या मित्राकरवी पणजीला पोचवलं. मॅडमचा निरोप : मिळालं.

ता. १८, रवि.
सहाला उठलो. रेडिओ जनेलात. नवे सेल. ही पण येऊन बसली, तांदळाचं सूप बाजूला ठेवून. इब्रामपूरला वहिनीच्या सुनेला फोन करून सांगितलं होतं, डाव्या बाजूला ठेव.

साडेसात. टिंगटिंग. ‘आता ऐका, दिल्लीहून सहक्षेपित होणारं विशेष भाषण.’

भाषण! अर्धा तास. मग अजून पाव तास. मग बाजारभाव. मग संपलं.

मॅडमचा फोन लागेना. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, हिनं कानावर हात ठेवले. रेडिओ उचलला होता आपटायला. हिनं काढून घेतला. म्हणाली, ह्याचो काय गुन्यांव?

नऊला वहिनीचा फोन, सुनेच्या मोबाइलवरून, ओरडत. ऐकू न येणारी माणसं ओरडतात.
‘नानू! गाणा लागला नाय! भाषण लागला!’
‘होय गो वहिनी.’
‘तेणी तरी नाव सांगला काय, बोलतलो तेचा?’
‘सांगला. तीनदा.’
‘बरा आसा तेचा.’ मग, ‘परत केन्ना?’
म्हटलं, कधी ते मॅडमनाच ठाऊक, फोन लागत नाही.
‘इचार,’ म्हणाली. ‘ह्या खेपेक इचार.’

ता. १९, सोम.
पौष काल संपला. मांड आता वर्षभर गप्प.

मॅडमचा एक मेसेज आलाय : ‘काका, सॉरी. आयत्या वेळी वरून आदेश आला. बघते.’ ‘बघते’ हा शब्द या केंद्राच्या पहिल्या दिवसापासून तिथं नोकरीला आहे, तो कधी निवृत्त होत नाही.

तरी पत्र लिहिलं. नक्कल इथं ठेवतो, या खेपेला नक्कल हवी.

‘मॅडम, स. न.
तुमची तब्येत बरी असावी. पाचांचं काम एकटीनं करता, पाठ सांभाळा. रविवारचा राग तुमच्यावर नाही. तो कोणावर आहे ते मला ठाऊक आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझ्याच घरात राहतो.
सुंदरवहिनींचा डावा कान अजून चालतो. डॉक्टर किती दिवस ते सांगत नाही. पौषाची वाट बघू नका, फीत आहे, फितीला पौष लागत नाही. कधी लावणार ते आधी कळवा, मी तिला सांगेन.
नोंदपत्रक नवं करून सोबत जोडलं आहे. जुनं फाडू नका, राहू दे पाकिटात.
स्थळ : इब्रामपूर, पेडणे.
प्रकार : धालो.
कलाकार : सुंदर, द्वारका, शेवंती, लाडू, आनंदी, मथुरा, चंद्रावती, मनू.
ध्वनिमुद्रण : गावातला बाप्या, एक.
उत्तर लवकर पाठवा.’