फियाटला करंट येत नाही

एन-१२, हडको,
छत्रपती संभाजीनगर
१३ जानेवारी २०२५

ती. कचरूमामा यांस,
मोनालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं खुब्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं मामींनी कळवलं. तीन महिने सोयगाव सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि तुम्ही चौथ्याच दिवशी वॉकर बाजूला सारून उठलात, हेही मामींनीच कळवलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत. म्हणून पत्र लिहिते आहे.

काम असं की अण्णांची फियाट बंद पडलीय. तीन आठवडे झाले. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. कॉलनीतला मिस्त्री आला, बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला की प्लगला करंट येत नाही, सगळं वायरिंग बदलावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या. ते ऐकून अण्णा जे आत गेले ते संध्याकाळी दिवे लागल्यावरच बाहेर आले.

तुम्हाला त्यांचा नेम माहीत आहे. पाटबंधारे खात्याच्या जीपवर तीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यावरही सकाळी गाडी पुसून चौकापर्यंत चक्कर मारल्याशिवाय चहा नाही. आता पुसतात, बसतात, सेल्फ मारतात, उतरतात. जेवण निम्म्यावर आलंय. आधीच थोडं विसरायला लागले होते, त्यात हे. आईला म्हटलं की दुसरा मिस्त्री बघू, तर म्हणते म्हातारी गाडी आहे, बसली तर बसू दे.

कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं वायरीच जोडतेय, त्यामुळे भीती वाटत नाही. तुम्ही सांगा, मी करते. पाय हलवायचा नसला तरी डोकं मोकळंच आहे ना तुमचं?

मामींना जयभीम. तुमची माया पुरवून पुरवून वापरणारी,
मोनाली


सोयगाव
१७ जानेवारी २०२५

चि. मोनालीस,
मामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामीनं केलेली चुगली खरी हाय. आता तिनं वॉकर खाटेलाच बांधून ठेवलाय.

करंट नाय म्हणून सगळं वायरिंग बदला म्हणणारा मिस्त्री म्हणजे ताप आला म्हणून माणूस बदला म्हणणारा डॉक्टर. त्याचं ऐकू नको. करंट बॅटरीपासून निघतो, कॉइलमधी जातो, तिथं त्याला जोर येतो, मग जाड वायरीनं डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात येतो आणि तिथून चार वाटांनी चार प्लगला जातो. आपण प्लगपासून उलटं चालत जायचं. जिथं करंट भेटंल त्याच्या पुढं बिघाड.

आधी गाडी न्यूट्रलमधी घाल, हँडब्रेक ओढ. पेट्रोलचा वास येतोय का बघ. येत आसंल तर काहीच करू नको. नसंल तर एक प्लग खोल, त्याला त्याची वायर लाव, प्लगचं लोखंड इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकव. रबरी मुठीच्या पकडीनं धर, हातानं नाय. मग दाजींना सेल्फ मारायला लाव. निळी ठिणगी दिसती का बघ. चारी प्लग असंच.

एकालाबी नाय आली तर टोपणाच्या मधली जाड वायर काढ, जी कॉइलकडून येती ती. तिचं टोक लोखंडापासून गव्हाच्या दाण्याइतकं लांब धर आणि परत सेल्फ. काय दिसलं ते लिव्ह. घाई करू नको, एका दिवशी एवढंच.

दाजींना म्हणावं पोटाला खा. मामाच्या जिवाला घोर लावू नका, एवढंच मागणं.
कचरू


छत्रपती संभाजीनगर
२७ जानेवारी २०२५

ती. मामा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल सुट्टी होती, म्हणून झेंडावंदन उरकून आल्यावर बॉनेट उघडलं. चारी प्लग तपासले, एकालाही ठिणगी नाही. मधली जाड वायर काढून धरली, तिथंही नाही. पेट्रोलचा वास वगैरे काही नव्हता. तुमच्या सांगण्याप्रमाणे तिथंच थांबले, म्हणजे थांबवत नव्हतं तरी थांबले.

अण्णांना सेल्फवर बसवल्यावर इतके खुलले म्हणून सांगू! कॉलर नीट केली, आरसा हलवला, मी हात वर केला की सेल्फ मारायचे आणि खाली केला की सोडायचे. एकदाही चुकले नाहीत. मधेच मला विचारलं की साहेब कधी निघणार आहेत. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी म्हटलं, साहेबांचा अजून चहा व्हायचाय. मग दोघंही हसलो. रात्री दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.

आई मात्र बाहेर फिरकली नाही. तिच्यापुढं गाडीचं नाव काढलं की भांड्यांचा आवाज वाढतो. तुम्ही तिचे भाऊ आहात, काय झालंय ते एकदा विचारा.

पुढचा धडा लवकर पाठवा. तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
मोनाली


सोयगाव
३१ जानेवारी २०२५

चि. मोनालीस,
जयभीम, आशीर्वाद.

लई चांगलं काम केलंस. कॉइलच्या वायरीलाच ठिणगी नाय, म्हणजे प्लग, टोपण, रोटर हे सगळे निर्दोष सुटले. आता संशय दोघातिघांवर. कॉइल, कंडेन्सर, नायतर सीबी पॉइंट. सीबी पॉइंट म्हणजे टोपणाच्या आत दोन बारीक टिकल्या असत्यात. इंजिन फिरतं तशा त्या मिटत्यात न् उघडत्यात. मिटल्या की कॉइल भरती, उघडल्या की ठिणगी सुटती.

एक बारा व्होल्टचा बल्ब घे, त्याला दोन वायरी जोड. एक वायर गाडीच्या लोखंडाला. चावी ऑन करून दुसरी वायर कॉइलच्या त्या टोकाला लाव जिथं चावीकडून वायर येती. बल्ब लागला तर तिथवर वाट मोकळी. मग कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लाव, जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरला जाती. सेल्फ मारला की बल्ब लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नाय, नुसता जळतच राहतो, तर टिकल्या मिटत नायत. टोपणाच्या दोन क्लिपा काढ आणि आत बघ. बहुतेक काजळी धरली असंल. झीरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरव.

मालनला विचार म्हणतीस, पण ती लहानपणापास्नं सवड झाल्याशिवाय बोलत नाय. माझ्या गॅरेजात पाने उचलून द्यायची तेव्हाबी तसंच. तिच्या वाटंला जाऊ नको.

मामीचे आशीर्वाद. माणसं विसरू नका.
कचरू


छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मामा, गाडी सुरू झाली!

पहिल्या टोकाला बल्ब लागला. दुसऱ्या टोकाला लागला, पण सेल्फ मारला तरी लुकलुकेना, जळतच राहिला. टोपण उघडलं. काजळी नव्हती, टिकल्या चांगल्या चकचकीत. पण त्यांच्यामध्ये जाड कागदाची एक पट्टी होती. औषधाच्या खोक्याची, कात्रीनं सरळ कापलेली. ती चिमट्यानं ओढून काढली, टोपण बसवलं, आणि दुसऱ्या सेल्फला इंजिननं पकडलं. अण्णांनी हॉर्नच वाजवला. मग मला शेजारी बसवून टी.व्ही. सेंटरपर्यंत चक्कर झाली. गर्दीत त्यांचा हात काय सुंदर चालतो!

आईला पट्टी दाखवली तर म्हणाली उंदरानं नेली असेल. उंदराला कात्री कुणी दिली, ते तिला विचारायचं राहिलं. मला तर त्या मिस्त्रीचाच संशय आहे. गाडी भंगारात निघावी म्हणून त्यानंच केलं असणार. जाऊन भांडणार होते, आईनं हात धरून बसवलं.

अण्णा चावी उशाशी घेऊन झोपलेत. हे सगळं तुमचं देणं आहे. असंच देत राहा, हात आखडू नका.
मोनाली


सोयगाव
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस,
जयभीम.

तुझ्या मामीचा मोबाईल बंद पडलाय, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं धाडतोय. वाचल्याबरोबर दाजींच्या उशाची चावी काढून घे.

मिस्त्रीला बोल लावू नको, त्यानं टोपण उघडलेलंच नसणार. पट्टीची युक्ती माझी हाय. गॅरेजात गिऱ्हाइकाच्या गाड्या उभ्या असायच्या, कुणी चोरून फिरवू नये म्हणून मी टिकल्यांमधी कागद घालायचो. गाडीला काही होत नाय आणि कुणाला कळतबी नाय. ते मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं. तुझ्या आईला.

मालननं ते उगं केलेलं नाय. तिला एकटीला बसवून विचार. मी गाडीचा आजार शोधत बसलो न् माणसाचा विचारायचा राहिला. चूक माझी.
कचरू


छत्रपती संभाजीनगर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
मालनचा जयभीम.

तुझं पत्र काल दुपारी आलं. एक दिवस उशीर झाला. घाबरू नको, सगळी जित्ती आहेत.

दादा, पट्टी मीच घातली. डिसेंबरात हे चौकात जातो म्हणून निघाले ते अंधार पडल्यावर आले, पेट्रोल संपलेलं, कुणीतरी ढकलत आणून दिलं. आपलं घर कुठल्या गल्लीत तेच आठवंना. अंगणात रडले आणि माझ्याकडून वचन घेतलं की मोनालीला सांगायचं नाय. पोरगी चावी काढून घेईल म्हणाले. मी वचन दिलं न् दुसऱ्या दिवशी टोपण उघडलं. वाटलं, गाडीच बिघडली म्हणजे कुणाला कमीपणा नाय.

मग तुम्ही दोघं मिळून तिला दुरुस्त करायला लागलात. मी कुणाला काय सांगू? रोज वाटायचं, पट्टी सापडायची नाय. सापडली तवा बोलायला पायजे होतं, तर उंदराचं नाव घेतलं.

परवा गुरुवारी मोनाली कॉलेजात गेली आणि हे मी आंघोळीला गेल्यावर निघाले. थेट लासूर स्टेशन. साहेब रेल्वेनं येणारेत म्हणून स्टेशनबाहेर चार तास गाडी लावून बसले. ते साहेब वारून बारा वर्षं झाली. मग गाडी मागं घेताना एका भाजीच्या गाड्याला धक्का लागला. गीताबाई नावाची बाई भाजी विकत होती, ती पडली, मनगटाचं हाड मोडलं. लोक जमले, ह्यांना खाली ओढायला लागले. तर त्या बाईनंच सगळ्यांना मागं सारलं. हा माणूस प्यालेला नाय, हरवलेला आहे म्हणाली. मोडका हात पोटाशी धरून तिनं ह्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, खिशातल्या डायरीतला नंबर शोधायला लावला. आम्ही पोचलो तवा हे फियाटकडं बोट करून तिला आपली सरकारी जीप दाखवत होते.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. तिचा हात बघून मला तोंड वर करता येईना. मोनाली माझ्याशी बोलत नाय. म्हणती तू मला सांगितलं असतं तर मी गाडी कशाला उघडली असती. बरोबरच आहे तिचं. पण दादा, मी नवऱ्याला दिलेला शब्द मोडायचा का पोरीशी खोटं बोलायचं, ह्यात मला तिसरं काय होतं? मी कुठं चुकले ते सांग. रागावलास तरी पत्र धाडायचं बंद करू नको.
मालन


सोयगाव
१९ फेब्रुवारी २०२५

चि. मालनला,
दादाचा जयभीम.

पट्टी घातलीस ती बरोबर. गप बसलीस ते चुकलं. दोन्ही एकाच मायेनं केलंस, म्हणून रागावता येत नाय.

त्या गीताबाईंचा हात बरा होईस्तोवर त्यांच्या भाजीच्या गाड्यावर तुम्ही दोघी आळीपाळीनं उभ्या राहा. माफी तोंडानं मागून भागणार नाय. दाजींना डोक्याच्या डॉक्टरकडं न्या. आणि त्यांच्यापास्नं आता काहीच लपवू नका. खोट्या बिघाडानं माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

सोबत दाजींना चिठ्ठी. मोनालीनं मोठ्यानं वाचून दाखवावी.

दाजी, जयभीम. मी मिस्त्री, तुम्ही डायव्हर, म्हणून सरळ लिहितो. माझा खुबा गेला, कान गेले, मला गॅरेज बंद करावं लागलं. तेव्हा सहा महिने मी कुणाशी धड बोललो नाय. तुमची वाट हरवायला लागलीय. हात शाबूत हाय, वाट नाय. तवा उजवी सीट पोरीला द्या. तिला स्टिअरिंगवरचा गिअर येत नाय, तो शिकवणारं सगळ्या शहरात तुमच्याशिवाय कुणी उरलं नाय. तुमचा कचरू.


छत्रपती संभाजीनगर
८ एप्रिल २०२५

ती. मामा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा रात्री सुखरूप पोचलो. मामींनी बांधून दिलेल्या शेंगा सिल्लोडपर्यंतच संपल्या.

तुमच्याकडं सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुमची चिठ्ठी वाचली त्या दिवशी अण्णा खूप चिडले. मी चोर आहे का म्हणाले, चावी भिंतीवर फेकून मारली. दोन दिवस गाडी पुसायलाही बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर गाडीत बसले होते, डाव्या सीटवर. मला म्हणाले, क्लच पूर्ण दाबायचा, अर्धवट दाबला तर उतरवून देईन.

डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्यात. हे परत पहिल्यासारखं होणार नाही, हळूहळू वाढेल, असंही स्पष्ट सांगितलं. आईनं ते त्यांच्यासमोरच ऐकलं, त्यांनीही ऐकलं. गीताबाईंचं प्लास्टर निघालं, पण बोटं अजून पुरती मिटत नाहीत. आई अजून मंगळवारी आणि शनिवारी लासूरला जाते. त्या दोघी माझ्यापेक्षा एकमेकींशीच जास्त बोलतात. मी आणि आई आता बोलतो. पहिल्यासारखं नाही, थोडं जपून, पण खरं.

तुमच्याकडं येताना अजिंठ्याच्या घाटात मला घाम फुटला होता. पुढं ट्रक, मागं एसटी. अण्णा शांत होते. फक्त माझ्या हातावर हात ठेवून गिअर खाली ओढला आणि म्हणाले, उतारावर ब्रेकवर नाही, इंजिनवर भरवसा ठेवायचा. तेवढ्या वेळात ते अगदी पहिल्यासारखे होते.

फर्दापूरच्या पुढं त्यांनी विचारलं, आपण कुठं चाललोय. आई मागून म्हणाली, सोयगावला, कचरूदादाकडं. त्यांचं तोंड एकदम उजळलं, किती दिवस झाले भेटून म्हणाले. पाच मिनिटांनी परत विचारलं. तुमचं गाव दिसायला लागलं तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. आईनं तिन्ही वेळा तितक्याच सावकाश सांगितलं, आणि मामा, तिन्ही वेळा त्यांना तितकाच आनंद झाला.

मामींना जयभीम. खुब्याला जपा, पत्राला उशीर करा पण आळस नको.
तुमचीच,
मोनाली