कबुतरांसकट दोन रुपये

मंगळवार, संध्याकाळ

उद्या मरोळच्या कारखान्याच्या गेटवर युनियनतर्फे पगारवाढीसाठी बोलायचंय. ताळेबंदावरून गुणोत्तर मीच काढलं होतं: वर्षभरात फेडायच्या दर रुपयामागे कंपनीच्या हाताशी दोन रुपये. भाषणातलं टाळीचं वाक्य तेच. स्टोअर सांभाळणाऱ्या सुनंदाताईंना वाचून दाखवलं, तर त्या हसल्या.

"भाऊ, त्यातला दीड रुपया माझ्या गोदामात पडलाय ना. गंजलेले व्हॉल्व्ह. कबुतरं बसतात त्यांच्यावर."

माल वगळून पुन्हा भागाकार केला. आठ आणे उरले.

वाक्य तसंच ठोकून द्यावं? गेटवर गणित कोण तपासणार? पण पहिल्या रांगेत सुनंदाताई असतील, आणि खोट्या आकड्यावर माझा आवाज चढत नाही.

कबुतरांनी एक वाक्य खाल्लं, पण त्याहून धारदार दिलं. गंजलेला माल पुऱ्या भावाने ताळेबंदात कुणी चढवला? उद्या आधी हेच विचारणार. गोदाम सगळ्यांसमोर उघडा, खरा आकडा मांडा, मग पगारावर बोलू.

ताईंना फोन करून म्हटलं, किल्ली घेऊन या.

"आणते. पण कबुतरांच्या नादात पगारवाढ विसरू नका."

नाही विसरणार. खऱ्या आकड्यावर मागितलेली वाढ कंपनीला नाकारता येऊ दे, मग बघतो.