बावीस नाड्या आणि माझा धीर

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून मिशनच्या बालगृहात सेवा. चाळीस वर्षं चर्चमध्ये ऐकतेय, धीर धरा, विश्वास ठेवा. आता धरून दाखवायचा. रोज लिहायचंही ठरवलंय. शाळा चौथीपर्यंतच, पण माझं मलाच तर वाचायचंय. सून म्हणाली, आई, चहाला उकळी येईपर्यंत तुम्हाला दम निघत नाही, अकरा पोरं कशी सांभाळणार? हसले नुसती. साडेआठला बोलावलं होतं, सातलाच फाटकाशी जाऊन उभी राहिले. दीड तास थांबले. याला धीर नाही म्हणायचं तर कशाला?

३ फेब्रुवारी, दुपारी
तिथल्या मोठ्या बाई भल्या आहेत, पण सगळं कसं सावकाश. नियम एकच. मुलांनी आपलं काम आपण करायचं, मोठ्यांनी हात पाठीमागे धरून उभं राहायचं. सध्या धडा बुटांच्या नाड्यांचा. महिनाअखेर अकराही जणांना बांधता आल्या तर लहान मुलांची खोली कायमची माझी. नाहीतर वरच्या मजल्यावर चादरींच्या घड्या. चादरींशी बोलणार काय? अकरा पोरं, बावीस नाड्या. चार दिवसांचं काम.

५ फेब्रुवारी
चिमटी म्हणून एक सहा वर्षांची आहे. कुणालाही चिमटे काढते, म्हणून चिमटी. एका नाडीला सतरा मिनिटं. तेवढ्यात माझा धाकटा जन्मून रडूनही झाला होता. मधेच थांबून म्हणते, आजी, मुंगीला बूट घातले तर सहा लागतील. अगं, तुझे दोन आवर. पाठीमागे माझे हात एकमेकांशी भांडत होते.

७ फेब्रुवारी
उपाय सापडला. बुटांच्या तासाला भिंतीकडे तोंड करून उभी राहते. बघायचंच नाही, म्हणजे मोह नाही. भिंतीला पोपडे फार आलेत. दोन काढले.

१० फेब्रुवारी
प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे, कुणीतरी लक्ष ठेवायला नको? तर एकाची नाडी सुटलेली. पडला असता, दात गेला असता. वाकून बांधली. शेजारचीही बांधली. नियम बुटांच्या तासाचा आहे, प्रार्थनेबद्दल बाई काही बोललेल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी
नऊ बांधल्या. प्रार्थना तोकडी पडते. बाईंना सुचवलं, आजाऱ्यांसाठी मागू या, प्रवाशांसाठीही मागू या. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, आजी, तुमचा विश्वास दांडगा. आता वडीलधारं कुणी कौतुक करत असताना मधे बोलू नये. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, पण हुद्दा मोठा.

१९ फेब्रुवारी
बावीसच्या बावीस. गुडघे सोलवटले. सुनेने विचारलं, हे काय? म्हटलं, प्रार्थना. खोटं काय त्यात?

२४ फेब्रुवारी
एक कोडं. बुटांचा तास संपल्यावर वळून बघते तर नाड्या बांधलेल्या. प्रार्थनेला बघावं तर सगळ्या सुटलेल्या. गाठी कच्च्या, दुसरं काय. परवापासून कच्च्या गाठींवर बोलणार होते, राहून गेलं.

२७ फेब्रुवारी
उद्या परीक्षा. पोरांना येत नाही हे मला एकटीलाच ठाऊक. जेवण गेलं नाही. ती चादरींची खोली उघडून पाहून आले. खिडकीसुद्धा नाही. पण घाबरायचं काय, परीक्षेआधी लांबलचक प्रार्थना ठेवायची की झालं.

२८ फेब्रुवारी
प्रार्थना ठेवली. पोरांनी हात जोडले, डोळे मिटले, मी खाली बसले. नऊ जणांच्या झाल्या. दहावी चिमटी. तिची एक नाडी हातात आणि बाईंनी आमेन म्हटलं. प्रवाशांसाठी मागायचं विसरल्या त्या. म्हणाल्या, आजी, हे काय चाललंय?

चिमटीच बोलली. म्हणाली, बाई, आजींना रागावू नका. आम्हाला कधीचं येतं. प्रार्थनेआधी आम्ही सोडून ठेवतो, आजींना बांधायला आवडतं ना, म्हणून. त्यांना वेळ लागतो, पण आम्ही डोळे उघडत नाही. मागून दुसरा म्हणाला, अजून दोघांच्या राहिल्यात, पुन्हा डोळे मिटू का?

बाईंनी सगळ्यांना नाड्या सोडून पुन्हा बांधायला लावल्या. मी चष्मा पुसेपर्यंत अकराही जण उभे.

१ मार्च
खोली मिळाली. बाई म्हणाल्या, अट ती अट. सुनेला सांगितलं, एका महिन्यात अकरा पोरांना धीर शिकवला, आहे कुणाची छाती? ती म्हणाली, आणि तुम्हाला? पोरगी हुशार आहे, पण विषयाला धरून बोलत नाही.
एक नवी अट आहे. प्रार्थनेला मी खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे. पुन्हा महिन्याची मुदत. शिकवायला चिमटीला नेमलंय.

५ मार्च
चिमटी म्हणाली, आज सहाच वेळा उघडले, आजी. येईल हळूहळू.