तीनला सुरू होणारा पंप

३ जून, सोमवार

बॉलपार्कचे दिवे काढणार म्हणे! नगरपालिकेचा वीजकरार सप्टेंबरात संपतोय, नवे दर चढे, आणि पहिली कुऱ्हाड बेसबॉलवर. दक्षिण टेक्ससच्या या उन्हात दिवसा कोण खेळणार? नगराध्यक्ष विदाउर्रींनी भर दुपारी तिसऱ्या बेसवर उभं राहून दाखवावं. चौतीस वर्षं त्या कचेरीत चिटणीस होते मी. मला कुणी विचारलं नाही. तरी जाणार.

५ जून, बुधवार

सभेला गेले. डॅलसहून दलाल आलेला – बूट चकचकीत, अंगाला घाम नाही. आता वीज कुठल्याही कंपनीकडून घेता येते, म्हणून हे असले उगवलेत. म्हणाला, "हा दर फक्त पाच वाजेपर्यंत."

"का? मासळी आहे का?" मी विचारलं.

मागच्या बाकांवर हशा. नगरपालिकेचा नवा व्यवस्थापक नोए कांतू कपाळ पुसत म्हणाला, "दोन्या ओब्दुलिया, बसा हो जरा." दोन्या म्हणजे बाईसाहेब; मानाने सांगितलं म्हणून बसले. पण सही होऊ दिली नाही, आणि बिलांची चळत मागून घरी आणली.

८ जून, शनिवार

नन्सनी शाळेत प्रत्येक भागाकार दोनदा पडताळायला लावला. आज कामी आला. दिव्यांचा खर्च किरकोळ. वीज खातात ते पाण्याचे पंप. शिवाय बिलात एक आकार आहे, वीज वाहून आणणाऱ्या तारांचा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत, दर महिन्याला ज्या पंधरा मिनिटांत राज्यभर सर्वांत जास्त वीज ओढली जाते, ती धरतात. तेव्हा आपण किती ओढली, त्यावर पुढच्या वर्षीचा हा आकार ठरतो. ती वेळ बहुतेक चार-पाचच्या सुमाराची. आणि आमचे पंप? बरोबर तीनला सुरू.

९ जून, रविवार

चर्चमधून येताना बार्बाकोआ – वाफेवर शिजवलेलं गोमांस – घेतला. एकटीला जास्तच झाला.

सेफेरिनो आठवत राहिला. पंपघर त्याच्याकडे होतं. पहाटे चारला पंप लावायचा, दहापर्यंत टाकी गच्च. दुपारी तीनला टोपी तोंडावर घेऊन तिथेच आडवा. "तीनला अख्ख्या गावाचे कूलर चालतात, ओब्दुलिया. विजेला दम नसतो, मोटार कण्हते. तिलाही झोपू दे, मलाही." मी त्याला आळशी म्हणायची. तो हसायचा. कधी माझ्या टेबलावर अंजिरं ठेवून जायचा, रुमालात बांधून. मी रुमाल धुऊन, इस्त्री करून परत द्यायची. इतकंच. पण इतकं पुरायचं.

अठ्ठ्याऐंशी साली कॉर्पस क्रिस्तीला बरी नोकरी लागली म्हणून गेला, असं तेव्हाच्या नगराध्यक्षांनी सांगितलं. मला न भेटता गेला. पुढे किती वर्षं मी त्याच्यावर रागावून होते.

११ जून, मंगळवार

नोएला त्याच्या टेबलाशी गाठलं. पंप पहाटे लावा, तीन ते सात बंद ठेवा. त्याने टाकीची पातळी पाहिली, दोन फोन केले. "पुरतं की पाणी! मग ही पद्धत कुठल्या गाढवाने मोडली?"

"शोधून काढते," म्हटलं. "नाव फलकावर लावू त्याचं."

१८ जून, मंगळवार

दिवे राहिले. एकमताने. पंप उद्यापासून पहाटे. आणि दलालाला निरोपाचा नारळ – शेजारच्या सहा गावांबरोबर मिळून निविदा काढायची ठरली.

विदाउर्री म्हणाले, "तुम्हाला निवृत्त करून चूकच झाली, बाई."

"केक तर तुम्हीच कापला होतात."

घरी आले तरी हसू येत होतं.

२० जून, गुरुवार

रेकॉर्डच्या खोलीत फाइल सापडली. ऑगस्ट १९८८. सेफेरिनोला कामावरून काढल्याचं पत्र: कामाच्या वेळी झोपणे. यापुढे पंप दुपारी तीनला लावावेत, म्हणजे तिथला माणूस जागा राहील. पत्र तेव्हाच्या नगराध्यक्षांच्या हातचं. माझ्याकडे टंकायला आलंच नव्हतं.

मागे टाचणीने लावलेली एक चिठ्ठी, त्याच नगराध्यक्षांना लिहिलेली. "तीनच्या सुमाराला एकदा पंपघरात डोकावून या."

अक्षर माझं.