तांबडीची बदकं

१२ मे १९५७, रविवार

आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली. सकाळपासून लाकडांच्या ढिगामागे ठाण मांडून आहे, हात नेला की पिसं फुलवून अंगावर येते. सासूबाई खूश. शेजारच्या कानडी मुनियम्मा अक्कांनी बदकाची सात अंडी आणून दिली. त्यांची बदकं दिवसभर यशवंतपूरच्या तळ्यावर हिंडतात, अंडी वाटेल तिथे टाकतात, उबवायचं नाव नाही. निघतील त्यातली निम्मी त्यांची, निम्मी आमची. सा.बा.नी (रोज कोण एवढं लांब लिहिणार!) पाटीत राख, भुसा घालून तिला बसवलं.

हे म्हणाले, "आई, ही देवीची कोंबडी ना?"

"व्हय की. आखाडाला अजून लई अवकाश हाय. तवर रिकामी कशाला फिरू दे?"

फाल्गुनात ह्यांना विषमज्वर झाला, चार दिवस शुद्ध नव्हती. तेव्हा सा.बा.नी तांबडीला हळदकुंकू लावून देवीला नवस बोलला, हे उठले की हीच कापायची. हे उठले, कारखान्यात रुजूही झाले. नवस आखाडात फेडायचा, श्रावण लागायच्या आत.

२ जून

तीन आठवडे झाले, एक अंडं टिचलं नाही. सा.बा. प्रत्येक अंडं कानाला लावून बघतात. "गंदी निघाली गं. काढून टाक." मी हात घातला, तांबडीने बोटाचं रक्त काढलं.

भिंतीवरून अक्का हसत सुटल्या. "बातुकोळीला इन्नू ओंदु वारा लागतं, अम्मा!" म्हणजे बदकाला अजून एक आठवडा. सा.बा.नी जन्मभर कोंबड्या बसवल्या, बदकाची अंडी कधी नाही. कबूल थोडंच करणार? "आम्हाला कळलं. कोंबडीला कोण सांगणार? ती उठंल बघ उद्या."

७ जून

नाही उठली. तुरा पांढरा पडलाय, छातीचं हाड हाताला लागतं. दाण्यापुरती उतरते, चार घास, पाणी, की परत. मला तर सत्यनारायणाच्या पोथीला बसले तरी पायाला मुंग्या येतात.

९ जून, रविवार

पाच निघाली!! दोन अंडी खरंच गंदी होती. पिवळीधमक, चपट्या चोचीची, पाय म्हणजे पानाचे तुकडे. तांबडी दाणा टिपून दाखवते, ही तिकडे बघतही नाहीत, पाण्याच्या परातीत तोंड घालून चिखल करतात. तिने मान वाकडी करून एकेकाकडे बघितलं. वाटलं आता टोचणार. पंख उचलला आणि सगळी आत.

सा.बा. संध्याकाळी बोलल्या ते लिहून ठेवते. लेकुरवाळी कोंबडी देवीला चालत नाही. पिल्लं पंखाखाली निजतात तोवर हात लावायचा नाही. निजायची थांबली की तांबडी देवीला मोकळी.

आणि बदकं म्हणे भराभर वाढतात. देवा.

२१ जून

आज अनर्थ. अक्कांच्या बदकांमागे आमची पाचही तळ्यात! तांबडी काठावर वेडीपिशी. ओरडते, धावते, परत धावते. कारखान्यातून सुटलेली माणसं सायकली थांबवून हसत होती. मग ती उतरलीच पाण्यात. पोटापर्यंत. पिसं भिजली, पुढे जाता येईना, मागेही येईना. मी लुगडं खोचून गेले आणि उचलून आणली. काळीज धडधडत होतं, तिचं आणि माझंही.

हसणाऱ्यांचा फार राग आला. तिच्याएवढी हिंमत आहे का कुणात?

५ जुलै

आता शिकली. ओरडत नाही. पिल्लं पाण्यात, ही काठाकाठाने त्यांच्या बरोबरीने चालते. ती वळली की ही वळते. मध्येच किडा टिपते, पण डोळा तिकडे. पोरांचं काय चाललंय ते तिला उमगत नाही, तरी जातेच बरोबर. हे मला फार आवडलं. आमच्या माहेरी माझं शिवणकामाचं वेड कुणाला उमगलं होतं? पण आई मशीनपाशी येऊन बसायची.

दुपारी घारीने झडप घातली. पिल्लं काठावर ऊन खात होती. तांबडी अशी उडाली की घारीचं पीस खाली पडलं. सा.बा. कपडे वाळत घालत होत्या, सगळं बघितलं. संध्याकाळी भाकरी कुस्करून तिला स्वतः घातली.

१६ जुलै, मंगळवार

हे शिवाजीनगरच्या बाजारातून दुसरी कोंबडी घेऊन आले. थेट तशीच तांबडी. मला न सांगता! किती बरं वाटलं. सा.बा.नी पिशवीत डोकावून बघितलं फक्त.

"हिला बोलले नव्हते मी. देवीला फसवतोस व्हय रे?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. आत येऊन मला म्हणाले, "माझ्याच जिवाबद्दल बोललेली. मी काय भांडू?"

मी तरी काय भांडू? त्या चार दिवसांत मीही हात जोडलेच होते. तांबडी द्यायची नाही असं वाटतं आणि लगेच ह्यांच्याकडे बघून भीती वाटते. दोन्ही खरं आहे.

२२ जुलै

बदकं तिच्याएवढी झाली. पांढरी पिसं फुटली. अक्का म्हणतात, "साकु, आता आईची गरज नाही." मी म्हटलं, "अक्का, स्वल्प हळू बोला." सा.बा. ओट्यावर होत्या.

२५ जुलै, गुरुवार

उद्या आखाडातला शेवटचा शुक्रवार. दुपारीच सा.बा. म्हणाल्या, "सांजच्याला बघू. पंखाखाली निजत्यात का."

दिवस मावळताना कोंबडी झाकायचं डालगं घेऊन त्या परड्यात गेल्या. मी मागे. बदकं आली, ढिगाजवळ बसली. तांबडी त्यांच्याभोवती फिरली, मग मध्ये जाऊन पंख पसरले. पाचही जणांनी डोकी तेवढी आत खुपसली. बाकी पाच ढुंगणं बाहेर! हसू आलं आणि रडूही.

"आत्या, निजली की," मी म्हटलं.

"डोकी तेवढी आत हायत गं."

तांबडीने पंख अजून ताणला, तोल गेला, सावरली, परत ताणला. सा.बा. बघत राहिल्या. मग कपडे धुवायच्या दगडावर बसल्या, डालगं मांडीवर.

अजून तिथेच आहेत. हे दोनदा जेवायला बोलावून आले. उद्याचा मसाला वाटायला घेऊ का, हे विचारायला मला काही बाहेर जाववत नाही.