डोळा कुठी ठेवू?

प्रिय वासुदेव,

तू गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझा नवा पत्ता कोणी सांगेना. आणि मेलेल्या माणसाला पत्र टाकणाऱ्या संस्कृतच्या मास्तराकडे वडशाचे लोक कसे पाहतील, तेही मला ठाऊक आहे. पण काल मी तुझ्या वतीने चांद्याला हेरगिरी करून आलो. अहवाल तुला नाही द्यायचा, तर कोणाला?

विषय तुझी सुनंदा. बसला आहेस ना नीट? बस.

पोरगी दोन महिन्यांपासून दर शनिवारी छोट्या रेल्वेगाडीने चांद्याला जाते. बसस्टँडजवळ एका माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला आहे. तिथले सर म्हणतात, हिने नागपूरला वर्षभराचा कोर्स करावा. कोर्सचं नाव 'कॉम्प्युटर ग्राफिक्स'. मराठीत सांगायचं तर, यंत्राकडून चित्र काढून घेणं. तुझ्या कपाळावर आठी पडली का रे? माझ्या तर पडली!

तू असताना एकदा कोणी या यंत्राची गोष्ट काढली, तेव्हा नाटकाचा पडदा रंगवता रंगवता, ब्रश डब्यात बुडवत काय म्हणाला होतास? "मशीनले डोळा असते का गुर्जी? मंग ते का डोंबलाचा पडदा काढन!" मी लगेच मान हलवली होती. आयुष्यात आपलं एकमत झालं असे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

आता कमलवहिनींनी सगळं माझ्या गळ्यात घातलं. "मास्तरभाऊ, तुमी जा अन् पाहून या. तिकडं नेऊन पोरीले टाइपिंगले बसवतीन, मंग? तुमी हो म्हणसान तं हो, नाई तं नाई." एकीकडे नाटक मंडळीचे मालक रोज सायकलवर येतात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागेल, जंगलाचा पडदा हवा, सुनंदानेच काढावा म्हणतात. पोरगी गेली तर तुझी पडदे रंगवायची शेड बंद. गेली नाही तर... ती काही बोलत नाही, पण तिची न बोलण्याची पद्धत तुझ्यावर गेली आहे. सगळा गाडा माझ्या एका शब्दावर येऊन थांबला. आणि वासुदेव, मला तर दुधात पाणी नसलं तरी शंका येते की आज पाणी का नाही!

तर गेलो. सुनंदाही सोबत. गाडीने नेहमीप्रमाणे विचार करत करत चांदा फोर्ट गाठलं.

माडीवर एक टीव्ही, त्याला जोडलेली टाइपरायटरसारखी बटणांची पाटी, आणि गळ्यात टाय बांधलेले सर. चांद्याच्या वैशाखात टाय! जो माणूस आपल्याच गळ्याशी असं वागतो त्याच्यावर भरवसा ठेवावा का? मी मनात पहिली नोंद केली.

सरांनी पाठ म्हणायला सुरुवात केली. टीव्हीचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. प्रत्येक ठिपक्याला आकड्यांचा पत्ता. आकडा सांगा, ठिपका पेटतो. ठिपके ओळीने पेटवले की रेघ. तिरपी रेघ मी जवळून पाहिली, तर ती रेघ नव्हतीच, पायऱ्या होत्या! म्हटलं, "सर, हा तर जिना आहे." ते म्हणाले, "लांबून पाहा गुरुजी, सरळ दिसते." लांबून तर आमचे सरपंचही सरळ दिसतात.

मग उपयोगांची माळ. पूल बांधायच्या आधी त्याचं चित्र फिरवून पाहता येतं. कोळशाच्या खाणीत थर कुठे वाकला, तो जमीन न उकरता डोळ्यांसमोर मांडता येतो. आकाशातून घेतलेल्या आकड्यांवरून जंगलाचा नकाशा होतो, सागवान कुठे अन् बांबू कुठे. दवाखान्यात डोक्याच्या आतलं चित्र दिसतं. विमान न उडवता उडवायला शिकतात. मी सगळ्याला "असं का?" म्हणत होतो. माझं "असं का?" तुला माहीत आहे. त्यात 'का' मोठा असतो.

नंतर त्यांनी एक घर दाखवलं. नुसत्या रेघांचं, जणू तुराट्यांचं. आणि काय सांगू, ते घर पडद्यावर गरगर फिरू लागलं! पुढची बाजू, बाजूची भिंत, मागची बाजू.

इथे माझा संशय पिकला. तुला आठवतं ना, कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्याने 'लाइव्ह' म्हणून जुन्या मॅचची कॅसेट लावली होती, आणि अख्ख्या वडशाने दोन तास टाळ्या वाजवल्या होत्या? धूर दिसला की डोंगरावर विस्तव आहे असं तर्कशास्त्र सांगतं. पण चिलीम कोण ओढतंय तेही पाहावं लागतं. मी उठलो, आणि सरळ टीव्हीच्या मागे वाकलो.

"काय हरवलं गुरुजी?" सर म्हणाले.

"विश्वास. सापडला तर देतो."

सुनंदाने कपाळाला हात लावला. "काकाजी, कॅसेट नाई आहे जी तिथी!"

नव्हती. धूळ होती, वायरी होत्या, आणि एक पाल होती, तीही माझ्याकडे संशयानेच पाहत होती. पण मी सोडणारा नव्हतो. म्हटलं, "हे घर तुमचं पाठ केलेलं. मी सांगतो ते काढा. आमच्या वासुदेव पेंटरचा रस्ता काढा."

सरांना काय कळणार? वासुदेव पेंटरचा रस्ता कळायला झाडीपट्टीत जन्म लागतो.

तुझी ती खोड मी कशी विसरेन! पडद्याचं काम आलं की आधी मालकाला विचारायचास, "लोकं कुठी बसतीन? तणशीवर का खुर्च्यांवर?" मग भर दुपारी त्या गावी जिथे नाटक व्हायचं, त्या धानाच्या रिकाम्या बांधीत जाऊन बसायचास. समोर ना स्टेज ना पडदा. एकटाच, मांडी घालून, हवेकडे पाहत. लोक म्हणायचे, पेंटरले ऊन लागलं. तू म्हणायचास, "डोळा कुठी ठेवायचा ते पाहून राह्यलो." जमिनीवर पसरलेल्या तणशीच्या पेंढ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून दोन हात वर. म्हणून तुझं क्षितिज खाली, तिथे एक खिळा, आणि खिळ्यापासून गेरूत बुडवलेला दोरा ताणून राजरस्त्याच्या रेघा. खाली बसणाऱ्याला वाटायचं, उठावं अन् चालत जावं त्या राजवाड्यापर्यंत!

आणि तो नागपूरचा नाट्यगृहाचा प्रयोग. तुझा तोच पडदा, पण लोक बसलेले वर, गॅलरीत. तिथून राजरस्ता विहिरीत उतरल्यासारखा दिसला. राजा निघाला तसा वरून कोणी ओरडलं, "महाराज, बादली घेऊन जा!" सगळं नाट्यगृह हसलं. तू एवढंच म्हणालास, "पडदा नाई चुकला गुर्जी, डोळा हालला." पण त्यानंतर शहरातलं एकही काम घेतलं नाहीस. इतकं मनाला लावून घ्यायचं होतं का रे? दुसरा पडदा काढायचा होतास, गॅलरीचा! पण एका हसण्यासाठी महिनाभराचं काम पुन्हा कोण करणार, हेही खरंच.

असो. माडीवर परत येतो. तेव्हा सुनंदा पुढे आली. "सर, मी करू?" बटणांच्या पाटीसमोर बसली. रस्त्याच्या कडा, कमानी, राजवाडा, प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे टाकत गेली. किती उजवीकडे, किती वर, किती आत. मला म्हणाली, "काकाजी, जे जितकं आत, त्याले तितक्यानं भागायचं. म्हणून दूरचं लहान होते." भागाकार! तू दोऱ्याने करायचास तो.

आणि मग, वासुदेव, चित्र काढायच्या आधी यंत्राने पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न विचारला. सुनंदाने हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत सांगितलं.

"काकाजी, हे विचारून राह्यलं, डोळा कुठी ठेवू?"

मी "असं का?" म्हणायचंच विसरलो. मी! वर्गातली पोरं ज्याची प्रार्थना करतात ते त्या माडीवर घडलं.

शेवटी म्हणालो, "तणशीवर ठेव."

तिने आकडे दिले. रेघा एकेक करून उमटल्या. क्षितिज खाली, कमानी एकापाठी एक, आणि मधून तुझा रस्ता. हुबेहूब तोच. मग न विचारता तिने एकच आकडा बदलला. डोळा गॅलरीत नेला. क्षितिज वर चढलं, रस्ता पसरला, विहीर नाहीशी झाली. नागपूरसाठी जो पडदा तू कधी काढला नाहीस, तो माझ्यासमोर होता. ती हळूच म्हणाली, "बाबा बरोबर होते ना काकाजी?"

मी चष्मा पुसला. ऊन फार होतं.

संध्याकाळी वहिनी दारातच उभ्या. "काय जी मास्तरभाऊ, फसवून राह्यले का?"

"फसवून राह्यले वहिनी. पण आपला वासुदेव फसवायचा तसंच. सपाट पडद्यावर चालायचा रस्ता दाखवतात. जाऊ द्या पोरीले."

त्या आत गेल्या, पदर डोळ्यांना लावला, आणि मग चहात साखर दुप्पट घातली. मालकाला मीच सांगितलं की जंगलाचा पडदा सुनंदा निघायच्या आधी काढून देईल. तोपर्यंत शेड उघडी.

तेव्हा तुझं म्हणणं खरं ठरलं, मित्रा. मशीनला डोळा नसतोच. म्हणून तर बिचारं विचारतं. पण विचारलं की उत्तर देणारा पाहिजे, आणि ते उत्तर तू पोरीला गेरूच्या दोऱ्यासोबत देऊन गेलास. मला कळूही दिलं नाहीस, याचा राग आहे.

माझा संशय मात्र फिटला असं समजू नकोस. टायवरचा तर नाहीच. आणि आता तुझ्यावर आहे. तू स्वतः हल्ली कुठे बसून पाहतो आहेस रे? तिथून आमचा रस्ता कसा दिसतो? चढणीचा, की विहिरीत उतरणारा?

ते कळेपर्यंत मी वचन देतो. तुझ्या शेडमधला खिळा कोणाला काढू देणार नाही. दर महिन्याला नागपूरला जाईन, टीव्हीच्या मागे वाकून पाहीन. आणि सुनंदाचं पहिलं चित्र जिथे कुठे लागेल तिथे, खुर्ची मिळाली तरी, खाली मांडी घालून बसेन. तुझा डोळा जिथे होता तिथे.

तुझा अजून न पटलेला,
त्र्यंबक गुर्जी
वडसा