सोबत घेऊन जा

६ जानेवारी, सोमवार

थायरॉईड, वजन, धाप — सगळ्यावर डॉक्टरीणबाईंचं एकच औषध. "रोज चाला. पण झपझप, रमतगमत नको." चला, बरंच झालं! ऑफिस घरात आल्यापासून बेडरूम–किचन–बेडरूम, एवढंच माझं जग. मुकुल लगेच, "एकटी नको जाऊस हं. आईला सोबत घेऊन जा." नवरा काळजी करतो म्हणे!

८ जानेवारी

निम्मं मुलुंड पाडायला काढलंय. फूटपाथवर पत्रे, रस्त्यात डंपर. त्यात सासूबाई! कुणाच्या कुंपणाबाहेर तगर दिसली, जास्वंद दिसली की थांबल्या, पिशवी उघडली. "देवाला लागतात गं. जरा फांदी खाली ओढ." मी फांदी ओढतेय आणि आतून वॉचमन ओरडतोय! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ जानेवारी

पुन्हा तेच. पाव किलो जास्वंद, चालणं शून्य.

१५ जानेवारी

मैदानापर्यंत पोचलो एकदाच्या. कसली झाडं आहेत! पोरी कानात गाणी घालून भराभर चालताहेत आणि मी दाराशी पिशवी धरून उभी. रडूच आलं.

चहाच्या वेळी मुकुलला म्हटलं, "आईंना दगदग होते, मी एकटी जाते ना." तर म्हणे, "मग नकोच. ट्रेडमिल बसवू बेडरूममध्ये." बेडरूममध्ये! जीव गुदमरला माझा. सासूबाई समोर चहा गाळत होत्या. एक शब्द बोलतील तर शपथ! असा राग आला ना...

१६ जानेवारी

मैदानाच्या दाराशी सासूबाई म्हणाल्या, "मी बसते बाकावर. तू जा तुझी. मुकुलला बोलायचं नाही." मी बघतच राहिले. "अगं, बघतेस काय? पळ!"

गेले! पोटऱ्या भरून आल्या, कुर्ता घामानं चिंब. मध्येच हसत होते वेड्यासारखी. घरी येताना आईंचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

२० जानेवारी

फेऱ्या मारून आले तर बाक रिकामा! गेटवर धावले — तर पलीकडच्या गल्लीतून आई येताहेत. पदर खोचलेला, चाल झपाझप. मला बघून दचकल्या.

"दीप्ती, सांगू नकोस हं त्याला. तुला घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं मलाही बजावलंय त्यानं. त्याआधी त्याचे बाबा होते... काही काम नसताना एकटी चालले गं आज. लग्नानंतर पहिल्यांदा."